चौरस मीटरभर उन्हाचा हिशेब

५० मिलिलिटर पाणी. त्यात लिटरला १० मिलिग्रॅम या प्रमाणात मेथिलीन ब्लू हा निळा रंग. काचपट्टीवर टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोकणांचा पातळ थर, वर अतिनील दिवा, दोन तास. निकाल: ९८ टक्के रंग गेला. प्रकाशाच्या मदतीने पाणी शुद्ध करण्यावरचे शोधनिबंध चाळू लागले की या साच्याचा प्रयोग इतक्या वेळा भेटतो की त्याचा आलेख डोळे मिटून काढता येईल. टक्केवारी बहुतेक वेळा खरीच असते. पण तिच्या जागी वजन लिहून पाहावे. त्या चंचुपात्रात मुळात रंग होता अर्धा मिलिग्रॅम.

आता दुसरा आकडा. कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसांचे सांडपाणी गोळा करणारे एक मध्यम केंद्र घेऊ. दिवसाला १० लाख लिटर, म्हणजे या धंद्याच्या भाषेत १ एमएलडी. आत येणाऱ्या पाण्याचा सीओडी लिटरला १,००० मिलिग्रॅम धरू. सीओडी म्हणजे पाण्यातली घाण पूर्ण जाळून टाकायला लागणारा ऑक्सिजन. नदीत सोडायची मर्यादा २५०. म्हणजे रोज ७५० किलो ऑक्सिजनच्या किमतीची घाण संपवायची. प्रयोगशाळेतला तो अर्धा मिलिग्रॅम रंग याच मापात मोजला तर भरतो सव्वा मिलिग्रॅम. चंचुपात्र आणि केंद्र यांच्यात सुमारे ६० कोटी पटींचे अंतर आहे.

अंतर मोठे आहे म्हणून तंत्र वाईट ठरत नाही. प्रत्येक तंत्र कधीतरी चंचुपात्रातच असते. प्रश्न असा, की हे अंतर थर मोठा करून, चांगला करून, स्वस्त करून कापता येते का; की वाटेत एखादी भिंत आहे? भिंत आहे, आणि ती मोजता येते. ती रसायनापेक्षा उन्हातच जास्त आहे.

टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तेच पांढरे द्रव्य. जगात दरवर्षी लाखो टन तयार होते. त्याचे एक मूळ खनिज, इल्मेनाइट, आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही सापडते. विषारी नाही, पाण्यात विरघळत नाही, महाग नाही. त्याच्या अ‍ॅनाटेज या स्फटिकरूपात इलेक्ट्रॉनला जागेवरून उठवायला ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. १२४० ला ३.२ ने भागले की प्रकाशाची तरंगलांबी मिळते: ३८७ नॅनोमीटर. त्याहून आखूड लांबीचा फोटॉन आला तरच इलेक्ट्रॉन उठतो आणि मागे एक धनभारित पोकळी सोडतो. ही पोकळी पृष्ठभागावर पोचली की पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक बनवते. त्याची ऑक्सिडीकरणाची ताकद २.८ व्होल्ट, ओझोनची २.०७, क्लोरीनची १.३६. पाण्यातल्या सेंद्रिय रेणूंपैकी फार थोडे त्याच्यापुढे टिकतात. या तंत्राची सगळी कीर्ती या २.८ वर उभी आहे, आणि ती रास्त आहे.

आता उन्हाकडे. स्वच्छ आकाशात भर दुपारी चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट पडतात. ४०० नॅनोमीटरखालचा अतिनील भाग त्यातला जेमतेम ४ ते ५ टक्के. ३८७ ची अट लावली की आणखी कमी. ३० वॅट धरू. ढग, धूळ, सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन, पावसाळा यांतले काहीही वजा करत नाही. रोज सहा तास सलग ३० वॅट, असा सढळ हिशेब. त्यातून चौरस मीटरमागे दिवसाला मिळतात सुमारे २ मोल फोटॉन. (एक मोल म्हणजे ६.०२ गुणिले १० चा २३वा घात इतके नग.) एका फोटॉनमागे फार तर एक इलेक्ट्रॉन. सीओडीच्या मापात एक मोल इलेक्ट्रॉन म्हणजे ८ ग्रॅम ऑक्सिजन. दोन मोलांचे १६ ग्रॅम.

तर ही ती भिंत: चौरस मीटरला, दिवसाला, १६ ग्रॅम. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मधल्या अभिक्रियांत हातभार लावतो, त्यामुळे ही मर्यादा अगदी पोलादी नाही. पण तिच्या जवळपासही सहसा कोणी पोचत नाही, म्हणून तो वाद सोडून देऊ.

न पोचण्याचे कारण उठलेल्या इलेक्ट्रॉनमध्येच आहे. पोकळी आणि इलेक्ट्रॉन पृष्ठभागावर पोचून कामाला लागण्याआधीच बहुतेक जोड्या पुन्हा एकमेकांना भेटतात आणि फोटॉनची ऊर्जा नुसत्या उष्णतेत जाते. दारात आलेला पाहुणा पाणीही न पिता परत फिरावा, तसे. पाण्यातल्या थरांसाठी शंभरातला एक फोटॉन कामी आला तर तो थर बरा म्हणायचा. म्हणजे १६ ग्रॅमचे झाले ०.१६ ग्रॅम.

आता आपले ७५० किलो आणा. प्रत्येक फोटॉन कामी आला तरी ४७ हजार चौरस मीटर, म्हणजे साडेअकरा एकर काच लागेल. शंभरात एक कामी आला तर साडेअकराशे एकर. इचलकरंजीत किंवा सोलापुरात १ एमएलडी सांडपाण्यासाठी एवढी जमीन कोण देणार, आणि दिली तरी तिथे ऊस किंवा ज्वारी सोडून काच कोण पिकवणार?

शिवाय प्रोसेस हाऊसच्या पाण्याचे सर्वांत मोठे दुखणे या थराच्या हातातच नाही. सुती कापड रिअ‍ॅक्टिव्ह रंगांनी रंगवताना रंग धाग्यावर बसावा म्हणून कुंडात लिटरला ५० ते ८० ग्रॅमपर्यंत मीठ घालतात. रंगापैकी १० ते ४० टक्के धाग्याला न चिकटता पाण्यात जातो. मीठ मात्र जवळजवळ सगळेच जाते. नदीसाठी टीडीएसची, म्हणजे विरघळलेल्या क्षारांची, मर्यादा लिटरला २,१०० मिलिग्रॅम. हायड्रॉक्सिल मूलक रंगाचे तुकडे करील, मिठाचे काय करणार? उलट क्लोराइड आयन पोकळ्या अडवून बसतात आणि थराचे काम मंद करतात. रंगीत पाणी पांढरे झाले आणि खारट तेवढेच राहिले, तर खालच्या शेतकऱ्याच्या विहिरीला त्याचे काहीच सुख नाही.

हा चौरस मीटरचा हिशेब मी काही नवा काढलेला नाही. ज्यांच्या नावाने हे शास्त्र ओळखले जाते त्या अकिरा फुजिशिमा यांनीच तो छतावर करून पाहिला होता. टोकियो विद्यापीठात विद्यार्थी असताना त्यांनी होंडा यांच्या मार्गदर्शनाखाली टायटॅनियम डायऑक्साइडचा इलेक्ट्रोड पाण्यात धरून त्यावर प्रकाश टाकला आणि पाण्याचे विघटन होताना पाहिले. १९७२ मध्ये ते ‘नेचर’मध्ये छापून आले. पुढच्या वर्षी तेलाचे संकट आले आणि उन्हातून हायड्रोजन ही कल्पना सगळ्यांच्या तोंडी झाली. फुजिशिमांनी मग टायटॅनियमचा पत्रा तापवून त्यावर ऑक्साइडचा थर चढवला, एक चौरस मीटरचा इलेक्ट्रोड केला आणि उन्हात ठेवला. दिवसभरात हायड्रोजन मिळाला ७ लिटर. सौर ऊर्जेच्या ०.३ टक्के.

हे ७ लिटर आपल्या मापात बसवून पाहिले तर गंमत येते. सामान्य तापमानाला ७ लिटर हायड्रोजन म्हणजे सुमारे ०.२९ मोल, म्हणजे ०.५७ मोल इलेक्ट्रॉन, म्हणजे सीओडीच्या भाषेत साडेचार ग्रॅमच्या आसपास. आपल्या १६ च्या छपराखाली हा आकडा बरोबर बसतो, आणि ०.१६ पेक्षा पंचवीस-तीस पट वर आहे. हा फरक कुठून आला, ते पुढे पाहू.

फुजिशिमांनी त्या ७ लिटरवरून काढलेला निष्कर्ष जास्त महत्त्वाचा. ऊर्जेसाठी हे पुरणार नाही, हे त्यांनी मान्य केले आणि विषय उलटा केला: जिथे प्रकाश थोडा आणि कामही थोडेच, अशा जागा शोधायच्या. हाशिमोतो वगैरे सहकाऱ्यांबरोबर ते पृष्ठभागांकडे वळले. फरशीवरचे जंतू, काचेवरची धूळ, दिव्याच्या आवरणावरचा काजळीचा थर. भिंतीवर दिवसाला साचते ती घाण चौरस मीटरमागे मिलिग्रॅमांत असते आणि तिला जाळायला सगळा दिवस मिळतो. २००१ मध्ये पिल्किंग्टनने बाजारात आणलेल्या स्वतः स्वच्छ होणाऱ्या काचेवरचा थर फक्त १५ नॅनोमीटर जाडीचा आहे, आणि तो चालतो. त्याच द्रव्याला टाकीभर पाण्यात बुडवले की ते थकते, कारण पृष्ठभाग दोन मितींचा असतो आणि पाणी तीन मितींचे. एक मीटर खोल पाण्यात लिटरला १ ग्रॅम घाण असली तर चौरस मीटर काचेच्या वाट्याला एक किलो येते.

मग थराला नॅनो रचना देऊन काय मिळते? जाहिरातींत उत्तर असते ‘प्रचंड पृष्ठभाग’. तेही मोजू. एक चौरस मीटर काचेवर एक मायक्रोमीटर जाडीचा, निम्मा सच्छिद्र थर बसवला तर त्यात टायटॅनियम डायऑक्साइड भरते सुमारे २ ग्रॅम. २१ नॅनोमीटरच्या कणांची जी सर्वांत प्रसिद्ध भुकटी आहे, पी-२५ या नावाची, तिचा पृष्ठभाग ग्रॅमला ५० चौरस मीटर असतो. म्हणजे एका चौरस मीटर काचेच्या पोटात शंभर चौरस मीटर पृष्ठभाग. आकडा खरा आहे आणि उपयोगाचाही: घाणीच्या रेणूला बसायला जागा वाढते, पोकळीला पृष्ठभागापर्यंत जायचे अंतर काही नॅनोमीटरवर येते. पण फोटॉन तेवढेच राहतात. शंभर खिडक्या काढल्या म्हणून पोस्टात टपाल शंभरपट येत नाही.

भुकटी थेट पाण्यात ढवळली तर थरापेक्षा काम जवळजवळ नेहमीच जास्त वेगाने होते. मग थराची उठाठेव कशाला? कारण लिटरला १ ग्रॅम भुकटी धरली तर १० लाख लिटरला १ टन लागते, आणि २१ नॅनोमीटरचे कण खाली बसता बसत नाहीत. ते गाळायचा खर्च मूळ शुद्धीकरणाच्या वर जाऊ शकतो आणि गाळणीतून निसटले तर नदीत नवीनच पाहुणे. थराने हा प्रश्न सुटतो, पण बदल्यात दुसरा येतो. हायड्रॉक्सिल मूलक जगतो नॅनोसेकंदांच्या मापात. तो पृष्ठभाग सोडून घाणीच्या शोधात निघत नाही. घाणीने त्याच्याकडे यायचे. साध्या विसरणाने रंगाच्या रेणूला स्थिर पाण्यात एक मिलिमीटर जायला साधारण १७ मिनिटे लागतात. एक सेंटिमीटर जायला दहापट नव्हे, शंभरपट वेळ: २८ तास. म्हणून थर असलेल्या यंत्रात पाणी मिलिमीटरभर जाडीच्या पडद्यासारखे वाहवावे लागते, नाहीतर ते सतत घुसळावे लागते. पंपाचे वीजबिल बहुतेक निबंधांत नसते.

थर बनवण्याची कृती तशी गुंतागुंतीची नाही. टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइडपासून द्रावण करायचे, त्यात काच बुडवून सावकाश वर काढायची, ४५० ते ५०० अंशांवर भाजायची. ६००-७०० च्या पुढे गेले की अ‍ॅनाटेजचे रुटाइल होऊ लागते आणि काम मंदावते. स्वस्त म्हणून खिडकीची साधी काच घेतली तर भाजताना तिच्यातले सोडियम थरात शिरते आणि थर निम्मा मरतो; मध्ये सिलिकाचा एक थर द्यावा लागतो. टायटॅनियमचा पत्राच फ्लोराइडच्या द्रावणात विजेने खोदून त्यावर नॅनोनळ्यांची राने उभी करायची पद्धत क्रेग ग्राइम्स यांच्या गटाने २००१ मध्ये मांडली. नळीच्या भिंतीतून इलेक्ट्रॉन सरळ खालच्या धातूत उतरतो, हा तिचा खरा फायदा.

आणि इथे मघाच्या पंचवीस-तीस पटींचे उत्तर आहे. थर वीजवाहक काचेवर किंवा धातूवर असला तर त्याला तार जोडता येते. भुकटीला ती जोडता येत नाही. तारेतून व्होल्ट-दीड व्होल्टचा दाब दिला की उठलेला इलेक्ट्रॉन पोकळीला भेटायच्या आत बाहेर ओढला जातो. १९९३ मध्ये विनोदगोपाल, होतचंदानी आणि प्रशांत कामत यांनी नोत्र दाम विद्यापीठात टायटॅनियम डायऑक्साइडच्या थरावर क्लोरोफिनॉल या रीतीने नष्ट करून दाखवले. (कामतांची डॉक्टरेट मुंबई विद्यापीठाची, १९७९ सालची.) कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या भौतिकशास्त्र विभागात तर या प्रकारच्या कामाची परंपराच आहे. तापलेल्या वाहक काचेवर द्रावणाचा फवारा मारून ऑक्साइडचे थर करायचे, त्यांना दाब द्यायचा आणि पाण्यातली सेंद्रिय घाण तोडायची. फवाऱ्याचे उपकरण स्वस्त, काच हातभर मोठी करता येते.

या पद्धतीची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे तिच्यात खोटे बोलणे अवघड आहे. मिलिअँपिअर-मीटर समोर असतो. तीस वॅट अतिनील प्रकाशातल्या सगळ्या फोटॉनचे इलेक्ट्रॉन झाले तर प्रवाह असतो चौरस सेंटिमीटरला ०.८७ मिलिअँपिअर. मीटरवर ०.२ दिसले तर शंभरातले २३ फोटॉन कामी आले. सहा तासांत चौरस मीटरला ३.६ ग्रॅम सीओडी. ०.१६ च्या तुलनेत ही बावीसपट झेप आहे. आपली साडेअकराशे एकर पन्नास-एक एकरांवर येतात. अजून न परवडणारीच, पण निदान थट्टा वाटत नाही. अर्थात वाहक काच साध्या काचेच्या कितीतरी पट महाग, आणि पन्नास एकर वाहक काचेचे बिल कोणी मांडलेले नाही.

उन्हाचा कंटाळा आला की लोक दिव्यांकडे वळतात. तिथे हिशेब आणखी निष्ठुर आहे. वीज संपूर्णपणे ३६५ नॅनोमीटरच्या प्रकाशात बदलली असे मानले तरी एका युनिटमधून ११ मोल फोटॉन निघतात. शंभरात एक या दराने ते जाळतात ०.८८ ग्रॅम सीओडी. म्हणजे एक किलोला अकराशे-साडेअकराशे युनिटे. युनिटला ८ रुपये धरले तर नऊ हजार रुपये. हवा फुंकून जिवाणूंकडून हेच काम करवून घेणाऱ्या जुन्या पद्धतीला किलोमागे एक-दोन युनिटे पुरतात. २०१८ मध्ये मिक्लोस आणि सहकाऱ्यांनी ‘वॉटर रिसर्च’मध्ये प्रगत ऑक्सिडीकरणाच्या सगळ्या पद्धतींचे प्रसिद्ध आकडे एका मापात आणले: एक घनमीटर पाण्यातला एखादा प्रदूषक ९० टक्क्यांनी कमी करायला किती वीज लागते? ओझोन, अतिनील दिव्यासोबत हायड्रोजन पेरॉक्साइड वगैरे पद्धतींचा मध्यक १ युनिटपेक्षा कमी निघाला. अतिनील दिवा आणि प्रकाश-उत्प्रेरक या जोडीचा ३३५. दिव्याखाली टायटॅनियम डायऑक्साइड ठेवणाऱ्या प्रत्येक प्रकल्प-प्रस्तावाने पहिल्या पानावर या ३३५ ला उत्तर द्यायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. फुकटचे ऊन सोडले तर या तंत्राकडे दाखवायला फारसे भांडवल उरत नाही.

दृश्य प्रकाश वापरता यावा म्हणून नायट्रोजन मिसळण्याची वाट आसाही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘सायन्स’मध्ये दाखवली. ३.२ च्या जागी २.४ इलेक्ट्रॉन-व्होल्टला काम होऊ लागले तर उन्हातले वापरण्याजोगे फोटॉन सात-आठ पट होतात. कागदावर मोह पडावा असा आकडा. पण मिसळलेली अशुद्धी इलेक्ट्रॉन-पोकळीच्या पुनर्भेटीचे अड्डेही वाढवते, आणि मिळालेले बरेचसे तिथेच खर्च होते. शिवाय ‘दृश्य प्रकाशात ९५ टक्के’ अशा दाव्यांत रंग कोणता ते आधी पाहावे. मेथिलीन ब्लू स्वतःच ६६४ नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश शोषतो, आपले इलेक्ट्रॉन थरात टाकतो आणि स्वतः मोडतो. उत्प्रेरकाने दृश्य प्रकाश वापरलेलाच नसतो. शिवाय ऑक्सिजन कमी पडला की हा रंग रंगहीन रूपात जातो, आणि काही वेळा नुसता थराला चिकटून पाण्यातून नाहीसा होतो. पृष्ठभागांच्या चाचणीसाठी २०१० च्या आयएसओ १०६७८ या मानकात हाच रंग आहे, लिटरला १० मायक्रोमोल, चौरस सेंटिमीटरला एक मिलिवॅट अतिनील प्रकाशात. दोन थरांची आपसात तुलना करायला ते ठीक. सांडपाण्याबद्दल त्यावरून बोलू नये.

निळा रंग जाणे आणि रेणू संपणे यांत किती फरक आहे? रंग घालवायला रेणूवर एक घाव पुरतो. मेथिलीन ब्लूचा एक रेणू कार्बन डायऑक्साइड, पाणी, नायट्रेट, सल्फेट आणि क्लोराइडपर्यंत पोचवायला १०२ इलेक्ट्रॉन काढावे लागतात. ९८ टक्क्यांचा आकडा पहिल्या घावाचा असतो.

तरीही एक यशस्वी उदाहरण आहे, आणि त्याचे आकडे पाहिले की यशाचे कारण कळते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत लिव्हरमोरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या आवारात भूजलात ट्रायक्लोरोएथिलीन हे द्रावक मुरले होते. १५८ चौरस मीटर परवलयाकार आरशांनी ऊन एका नळीवर आणले, नळीतून भुकटी मिसळलेले पाणी सोडले, आणि अब्ज भागांत २०० भाग असलेले प्रदूषण ५ च्या खाली गेले. ५ ही अमेरिकेतली पिण्याच्या पाण्याची मर्यादा. लक्षात घ्या, घनमीटरभर पाण्यात घाण होती अवघी ०.२ ग्रॅम. आपल्या प्रोसेस हाऊसच्या पाण्यातून काढायची आहे ७५० ग्रॅम. आणि तिथेही पाण्यातल्या बायकार्बोनेटने खोडा घातलाच. आम्ल घालून सामू उतरवल्यावर काम सुधारले. याउलट स्पेनच्या आल्मेरियात, जिथल्या सौर केंद्राने टायटॅनियम डायऑक्साइडवर वर्षानुवर्षे काम केले, तिथे कीटकनाशकांच्या रिकाम्या डब्यांचे धुवण शुद्ध करणारा १५० चौरस मीटरचा व्यावसायिक प्रकल्प उभा राहिला तेव्हा निवड झाली लोह आणि पेरॉक्साइडच्या फोटो-फेंटन पद्धतीची. ती दृश्य प्रकाशाचाही काही भाग वापरते.

बायकार्बोनेटवर थांबायला हवे, कारण ते आपल्या घरचे आहे. दख्खनच्या बेसाल्टमधले पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम बायकार्बोनेटचे. साखर कारखान्याच्या पट्ट्यातली कुठलीही बोअर घ्या. त्याच पट्ट्यात उसात आणि मक्यात अ‍ॅट्राझीन हे तणनाशक मारतात. समजा एका शाळेच्या बोअरमध्ये लिटरला ३०० मिलिग्रॅम बायकार्बोनेट आणि १०० मायक्रोग्रॅम अ‍ॅट्राझीन आहे. मूलक अ‍ॅट्राझीनशी कितीतरी अधिक वेगाने भिडतो, साडेतीनशे पट. पण बायकार्बोनेटचे रेणू दहा हजारपट जास्त आहेत. दोन्ही गुणून पाहिले की शंभर मूलकांतले ३ अ‍ॅट्राझीनच्या वाट्याला येतात, ९७ बायकार्बोनेट गिळतो. थराच्या पृष्ठभागावर हे प्रमाण थोडे बदलेल, दिशा तीच राहील.

शाळेला रोज ५०० लिटर पाणी लागते. त्यात अ‍ॅट्राझीन ५० मिलिग्रॅम. शंभरात एक फोटॉन आणि शंभरात तीन मूलक या दोन्ही कात्र्या लावल्या तर प्रत्येक रेणूला एक घाव घालायला थर लागतो एक तृतीयांश चौरस मीटरच्या आसपास, खिडकीच्या तावदानाएवढा. पाण्याची तपासणी केली तर ‘अ‍ॅट्राझीन आढळले नाही’ असा अहवाल येईल आणि तो खोटा नसेल. पण रेणूच्या फांद्या छाटत शेवटपर्यंत जायला तीस घाव लागतात, आणि त्यासाठी काच लागते ११ चौरस मीटर. शेवट म्हणजेही सायन्युरिक आम्लापर्यंतच. अ‍ॅट्राझीनच्या गाभ्यातले नायट्रोजन-कार्बनचे कडे टायटॅनियम डायऑक्साइडला तोडता येत नाही, हे १९९० पासून माहीत आहे. सायन्युरिक आम्ल अ‍ॅट्राझीनइतके घातक नाही, एवढाच दिलासा.

याच कामाला भुकटीचा अ‍ॅक्टिवेटेड कार्बन लिटरला १०-२० मिलिग्रॅम धरला तर दिवसाला ५ ते १० ग्रॅम पुरतो. खर्च रुपया-दोन रुपये, ऊन असो वा नसो. त्याच्यासमोर ११ चौरस मीटर काच उभी राहते ती एकाच मुद्द्यावर: कार्बनमध्ये अडकलेले अ‍ॅट्राझीन अ‍ॅट्राझीनच असते, आणि वर्षाअखेरीला साठलेला तो दोन-तीन किलो काळा चिखल शाळेला कुठेतरी नेऊन टाकावा लागतो.